मांडीच्या हाडाचा पीळ मोजेपर्यंत

उजव्या जांघेतलं दुखणं सुरू झालं तेव्हा ते खुब्याचं असेल असं घरात कुणाला वाटलंच नाही, कारण मला मांडी घालून कितीही वेळ बसता येत होतं. आपल्याकडे खुबा तपासायची हीच कसोटी असते. लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंपासून पहिल्या हाडांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी मला मांडी घालायला सांगितली. माझे दोन्ही गुडघे सहज जमिनीला टेकले. "खुबा छान आहे, स्नायू ओढला गेलाय," असा निकाल लागला आणि मी गोळ्या घेऊन घरी आले.

मला दुखायचं ते उकिडवं बसल्यावर. आमच्या मजल्यावर सामाईक संडास, तेही भारतीय पद्धतीचे, त्यामुळे दिवसाची सुरुवातच दुखण्याने व्हायची. बसक्या टॅक्सीतून उतरताना गुडघा आत वळला की जांघेत खोल कळ यायची. फोर्टमधल्या ऑफिसात खुर्चीवर बराच वेळ बसून उठले की पहिली काही पावलं लंगडत पडायची. कुठे दुखतं असं विचारलं की माझा हात आपोआप खुब्याच्या बाजूला जायचा, अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेवर. पुढे कळलं की खुब्याच्या आतलं दुखणं असलेले पुष्कळ रुग्ण अगदी असाच हात ठेवतात आणि जाणकार डॉक्टर तेवढ्यावरून सावध होतात.

मी शाळेपासून खो-खो खेळले, पुढे परळ-दादरच्या मैदानांवर क्लबकडून. खो-खोत आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण चौरसात बसलेले असतात आणि नववा धावत असतो. बसणाऱ्याला पाठीवर खो मिळेपर्यंत तसंच दबून, उठायच्या तयारीत राहावं लागतं. म्हणजे खुबा पूर्ण दुमडलेला आणि पुढच्या क्षणी वळून झेप. माझी पावलं चालताना बाहेर पडतात हे लहानपणापासून सगळ्यांना माहीत होतं. "पाय सरळ टाक गं," असं आई कायम म्हणायची. आमचे सर मात्र म्हणायचे, असू दे, हिला खांबाजवळ वळायला सोपं जातं. पावलांची दिशा आणि दुखणं यांचा संबंध जोडायला पुढे बराच काळ गेला.

आधी कंबरेचा एमआरआय झाला. त्यात काही नव्हतं. मग एका तरुण डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढायला लावला, समोरून आणि पाय बाजूला टाकून असा दोन्ही प्रकारे. त्यात उजव्या मांडीच्या हाडाच्या डोक्याला आणि मानेला जोडणारी जी खोलगट जागा असते, ती भरून आलेली दिसली. हाडाचा उंचवटा. त्याला कॅम म्हणतात. खुबा दुमडला की हा उंचवटा, हाडाचं डोकं जिच्यात बसतं त्या वाटीच्या कडेवर आपटतो, कडेची कूर्चा, म्हणजे लॅब्रम, फाटू लागतो आणि आतला गुळगुळीत थरही सोलवटतो. वाटीची कडाच जास्त पुढे आलेली असेल तर तो पिन्सर प्रकार. दोन्ही मिळून खुब्याचं इम्पिंजमेंट. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हा विचार सविस्तर मांडला आणि तरुणांच्या खुब्याच्या झिजेकडे पाहायची दृष्टी बदलली. वाढीच्या वयात, हाडाची वाढपट्टी उघडी असताना जोमाने खेळणाऱ्या मुलांत कॅम जास्त आढळतो. खो-खोवर कुणी असा अभ्यास केला असेल असं माझ्या वाचनात आलं नाही, पण माझ्या खुब्याने ते वय मैदानातच काढलं होतं.

सांध्यात रंगद्रव्य टोचून एमआरआय झाला आणि लॅब्रम फाटल्याचं नक्की झालं. पुढचा सल्ला सरळ होता: दुर्बिणीतून उंचवटा घासून काढायचा, लॅब्रम शिवायचा, काही आठवड्यांत कामावर. तारीखही मिळत होती. दादा म्हणाला, एवढं कापाकापीचं आहे तर आणखी एकाला विचारू.

ते दुसरे डॉक्टर फक्त खुब्याचंच काम करतात. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवले आणि मला पाच पावलं चालायला लावलं. मग पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे नेला, आत वळवला, आणि मी ओरडले. हे आधीच्यांनीही केलं होतं. नवीन होतं ते पुढचं. त्यांनी मला पालथं झोपवलं, दोन्ही गुडघे काटकोनात वर केले आणि नडग्या हळूहळू बाहेरच्या बाजूला पडू दिल्या. या स्थितीत नडगी बाहेर पडते तेव्हा मांडी आत फिरत असते. माझी उजवी नडगी जेमतेम १०° पडून थांबली. उलट बाजूला मात्र ती ७०° पर्यंत निवांत गेली. मग एक हात खुब्याच्या बाहेरच्या हाडावर ठेवून, ते हाड सर्वांत जास्त हाताला लागेल इतकी नडगी फिरवून, त्यांनी तिचा उभ्या रेषेशी कोन पाहिला. सगळं मिळून फार वेळ लागला नाही, साधनही काही नव्हतं.

"तुम्हाला मांडी फार छान घालता येत असेल," ते म्हणाले.

मी हो म्हटलं तर म्हणाले, "तेच तर सांगतोय. तुमचा खुबा बाहेर वळायला उदार आहे, कारण आत वळायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही."

त्यांनी टेबलावर दोन पेनं एकमेकांवर ठेवली. खालचं पेन म्हणजे गुडघ्यामागच्या दोन गोलाईंना स्पर्श करणारी रेषा, वरचं म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेची रेषा. वरून पाहिलं तर या दोन रेषा समांतर नसतात, मान थोडी पुढे वळलेली असते. हा हाडाचा पीळ. जन्मताना तो ३० ते ४० अंश असतो आणि वाढता वाढता मोठेपणी साधारण १५ वर येतो. ढोबळमानाने १० ते २५ पर्यंत ठीक मानतात. पीळ जास्त राहिला तर पावलं आत पडतात आणि गुडघे आत घेऊन, पाय बाजूंना टाकून जमिनीवर बसणं सोपं जातं. पीळ फार कमी झाला किंवा मान मागेच वळली, तर पावलं बाहेर पडतात. मग खुबा दुमडून जरा आत वळवला तरी मानेचा पुढचा भाग वाटीच्या कडेला लवकर जाऊन भिडतो. अशा खुब्यात लहानसा उंचवटाही मोठं काम बिघडवतो, आणि उंचवटा काढल्यावरसुद्धा मान त्याच दिशेला राहते.

पीळ खूप जास्त असलेल्यांची अडचण उलटी. त्यांच्यात पुढे आपटणं कमी, पण पाय मागे आणि बाहेर गेला की हाड मागच्या बाजूला भिडतं, आणि पुढची बाजू सैल असते. अशा खुब्यात पुढचं हाड किंवा सांध्याचं आवरण बेताबाहेर काढलं तर सांधा अस्थिर व्हायची भीती. म्हणजे दुखणं त्याच जांघेतलं, एक्स-रेवर नाव तेच, पण इलाज वेगळा. समोरून काढलेल्या सपाट चित्रात हा पीळ दिसतच नाही. बर्नच्याच गटाने २०१८ साली ५३८ खुब्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे दुखरे आणि सांधा वाचवायची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे खुबे. त्यातल्या ५२ टक्क्यांमध्ये मांडीच्या हाडाचा पीळ सामान्य मर्यादेबाहेर होता, आणि सुमारे सहांतल्या एकात तो टोकाचा होता. हा आकडा ऐकल्यावर मी ठरवलं की मोजणी झाल्याशिवाय कुठलीही तारीख घ्यायची नाही.

आता मोजणीचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

चिठ्ठी घेऊन मी घराजवळच्या एका सीटी स्कॅन केंद्रात गेले. त्यांनी दोन्ही खुब्यांचा स्कॅन केला, सुंदर त्रिमितीय रंगीत चित्रं काढून दिली. डॉक्टरांनी पाहिलं आणि फिल्म परत पाकिटात घातली. गुडघ्याचे छेदच घेतलेले नव्हते. चिठ्ठीवर गुडघ्यापर्यंत असं लिहिलेलं असूनही खुब्याचा नेहमीचा स्कॅन झाला होता, आणि गुडघ्याशिवाय पीळ मोजायचा कसा? दुसरी रेषाच नाही. पुन्हा पैसे, पुन्हा किरणं. यात मोजमापाला मोजके छेद पुरतात, त्यामुळे किरणांची मात्रा कमी ठेवता येते. एमआरआयवरही हे मोजता येतं, पण तसं करून देणारी जागा आधी शोधावी लागते.

दुसऱ्या वेळी मी तंत्रज्ञांशी आधीच बोलले. ते स्वतःहून म्हणाले, "ताई, एकदा झोपलात की पाय जराही हलवू नका. खुब्याचे छेद झाल्यावर गुडघ्याला जाईपर्यंत हललात तर सगळा कोन चुकेल." त्यांनी पावलांना पट्टा बांधला. खुबा, गुडघा आणि घोटा असे तीन ठिकाणचे छेद घेतले. घोटा यासाठी की नडगीच्या हाडालाही स्वतःचा पीळ असतो, आणि पावलाची दिशा या दोन्ही हाडांची मिळून ठरते.

अहवालात उजव्या मांडीच्या हाडाचा पीळ वजा ६° होता. डॉक्टरांनी त्याच फिल्मवर स्वतः रेषा मारल्या आणि त्यांचा आकडा आला अधिक २°. मी गोंधळले. एकच हाड, एकच स्कॅन. त्यांनी मग दाखवलं की मानेची रेषा कुठून ओढायची याच्याच चार-पाच पद्धती आहेत. कुणी ती मानेच्या वरच्या भागातून, डोक्याजवळून ओढतं, कुणी खाली, मान जिथे दांड्याला मिळते तिथलं केंद्र धरतं. वरून ओढली की आकडा कमी येतो, खालून ओढली की जास्त, आणि पीळ जितका जास्त तितका हा फरक वाढत जातो, २० अंशांपर्यंतसुद्धा. म्हणून अहवालात नुसता आकडा असून भागत नाही, पद्धतीचं नाव हवं. माझ्या अहवालात ते नव्हतं. रेडिऑलॉजिस्टना फोन केल्यावर त्यांनी आनंदाने पद्धत सांगितली आणि अहवालावर लिहूनही दिली. टोकाचं काय आणि मध्यम काय याच्या ज्या मर्यादा आहेत, त्या एका विशिष्ट पद्धतीच्या आकड्यांवर बसवलेल्या असतात. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात टाकला तर माझ्यासारखीचा निर्णयच बदलू शकतो: शून्याच्या खाली टोकाचं, शून्याच्या वर मध्यम.

मग वाटीचा कोन. वाटीही साधारण १५ ते २० अंश पुढे तोंड करून असते, माझी ११° होती. मांडी आणि वाटी यांची बेरीज पाहायची रीत जुनी आहे, मॅककिबिन यांनी १९७० साली सुचवलेली. ३० ते ४० चांगली, २० च्या खाली कमी. माझी १३. नुसत्या २ अंशांवरून जे ठरत नव्हतं, ते या बेरजेने आणि पालथं झोपवून केलेल्या तपासणीने बरंचसं स्पष्ट झालं. त्यांनी मला हेही विचारलं की वयात येताना खुब्यात किंवा गुडघ्यात अचानक दुखून लंगडणं झालं होतं का, कारण त्या वयात हाडाचं डोकं वाढपट्टीवर सरकलं तर पुढे असंच चित्र दिसतं. तसं माझं काही नव्हतं.

पर्याय तीन होते. पहिला, फिजिओथेरपी आणि बसण्या-उठण्याच्या सवयी बदलणं. दुसरा, दुर्बिणीतून उंचवटा आणि लॅब्रम एवढंच. तिसरा, त्याच्या जोडीला मांडीचं हाड मध्ये कापून, फिरवून, आतल्या सळईवर पुन्हा बसवणं. तिसरं ऐकून आई उठून स्वयंपाकघरात गेली.

पहिला पर्याय मी मनापासून केला. फिजिओच्या ताईंनी सर्वांत आधी माझं ताणणं बंद केलं. मी इतके महिने आखडलेला स्नायू समजून गुडघा छातीशी आत ओढत होते, म्हणजे हाडावर हाड दाबत होते. त्यांनी कुल्ल्याच्या आणि पोटाच्या स्नायूंचं काम दिलं, खुर्चीची उंची वाढवायला लावली, पावलं बाहेर पडताहेत तर पडू दे, जबरदस्तीने सरळ करू नको म्हणाल्या. आईला हे पटायला वेळ लागला. दादाने संडासासाठी खुर्चीचं कमोड आणलं. रोजचं दुखणं पुष्कळ उतरलं. ज्यांचा पीळ थोडासाच कमी आहे, त्यांतले कितीतरी जण इथेच थांबू शकतात असं ताई म्हणाल्या आणि मला ते खरं वाटतं. पण माझी रात्रीची कळ गेली नाही आणि मुलींना शिकवताना एक खोही बसून दाखवता येईना.

दुसऱ्या पर्यायाबद्दल दोन शल्यविशारदांची मतं जुळली नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पीळ ५ अंशांपेक्षा कमी असलेल्यांनाही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने आराम पडला होता, पण बाकीच्यांहून कमी. इतर काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही. एकाने म्हटलं, आधी छोटी शस्त्रक्रिया करू, नाही भागलं तर मोठी. दुसऱ्याने म्हटलं, तुमची बेरीज आणि आतलं वळण दोन्ही इतकं कमी आहे की दोनदा भूल घेण्यापेक्षा एकदाच करा. दोघांनीही मला विचार करायला मोकळा वेळ दिला याबद्दल मी दोघांची ऋणी आहे. मी एकदाच करायचं ठरवलं.

विम्याच्या कचेरीतून विचारणा आली की खुब्याच्या आजारात मांडीचं हाड का कापताय. डॉक्टरांनी कोन, पद्धत, बेरीज, दोन्ही बाजूंचं फिरणं असं सगळं एका पानावर लिहून दिलं आणि मंजुरी आली. रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते आधी भरून काढलं, कारण पुढे हाड जुळायचं होतं.

शस्त्रक्रियेत आधी दुर्बिणीचं काम झालं. मग हाडात कापायच्या जागेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन पिना ठरलेल्या कोनात बसवल्या, हाड कापलं, खालचा भाग आत फिरवला तोपर्यंत जोपर्यंत पिना समांतर झाल्या नाहीत, आणि सळई वरखाली स्क्रूंनी पक्की केली. मला १५° फिरवलं. हे डॉक्टरांनी आधी कागदावर काढून समजावलं होतं, म्हणून शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यांत आधी पाऊल पाहिलं. ते छताकडे होतं, भिंतीकडे नव्हतं.

पहिले काही दिवस कठीण गेले. मांडी सुजून टणक झाली होती, आणि आपलं पाऊल आपण फार आत टाकतोय असं सारखं वाटायचं, आरशात पाहिलं तर ते सरळ असायचं. मेंदूला इतक्या वर्षांची सवय मोडावी लागते, ताई म्हणाल्या, डोळ्यांवर विश्वास ठेव. चाळीचा लाकडी जिना हे सगळ्यांत मोठं काम. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि कुबड्या त्याच्या बरोबर. वहिनी मागे उभी राहून हे मोठ्याने म्हणायची. सुमारे सहा आठवडे पायावर थोडंच वजन टाकायचं होतं. दर एक्स-रेला कापलेल्या जागी पांढुरका जोड जाडावत गेलेला दिसायचा, आणि मी तो फोनवर घरच्यांना दाखवायचे. मग करी रोड स्थानकावरून दिव्यांगांच्या डब्यातून ऑफिस सुरू केलं. गर्दीच्या वेळी तो डबाही भरलेला असतो, पण कुबडी पाहून जागा न दिलेला माणूस मला भेटला नाही.

आता खुबा दुमडून आत वळतो, साधारण २५ अंश. कळ नाही. मांडी घालताना उजवा गुडघा आधीइतका जमिनीला टेकत नाही, थोडा वर राहतो, आणि हे होणारच होतं, बाहेरचं वळण देऊनच आतलं मिळालंय. मैदानात मी बसून खो दाखवते, पण पूर्ण डाव खेळत नाही. तो माझा निर्णय आहे, डॉक्टरांनी तशी सक्ती केलेली नाही. क्लबमधल्या एका मुलीला जांघेत दुखू लागलं तेव्हा तिच्या आईला मी माझी चिठ्ठी दाखवली. खुबा ते घोटा, पाय बांधून, मोजण्याची पद्धत अहवालात लिहून, असं त्यावर होतं. मुलीचा पीळ २०° निघाला, अगदी व्यवस्थित. तिचं दुखणं खरोखरच स्नायूचं होतं आणि विश्रांतीने गेलं.

माझ्या डाव्या हाडाचा पीळ ७° आहे आणि तिथे उंचवटाही थोडा आहे. तो दुखत नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. उजवीकडची सळई हाड पूर्ण भरल्यावर काढायची की ठेवायची, हे पुढच्या एक्स-रेनंतर बघू. वरचा स्क्रू कुशीवर झोपल्यावर टोचतो, तेव्हा तो तरी बहुधा निघेल.